बसणारा दिवा

हुरड्याचे दिवस आले की लोक शेताकडे बघतात. मी दिव्याकडे बघते.

पौषातली संध्याकाळ पटकन उतरते. गावाबाहेर गहू-हरभऱ्याला पाणी चालू असतं, विहिरीविहिरीवर मोटारी घरघरत असतात आणि नेमका दिवेलागणीला घरातला बल्ब मान टाकतो. पांढऱ्याचा पिवळा होतो, पिवळ्याचा तांबडा, आणि शेवटी आतली तार तेवढी केसासारखी लाल दिसत राहते. सून म्हणते, व्होल्टेज नाही. दूधवाला म्हणतो, व्होल्टेज नाही. किती सोपा शब्द आहे. आमच्या गल्लीत तेव्हा तो कुणाच्या तोंडात नव्हता. असता, तर एक माणूस कदाचित वाचला असता. कदाचित म्हणते, कारण मी डॉक्टर नाही आणि उगाच स्वतःवर नको तेवढं ओढून घ्यायची मला सवय नाही. पण जेवढं माझ्या वाट्याचं आहे तेवढं मांडायला हरकत नाही. गेल्या जूनमध्ये हे शाळेतून निवृत्त झाले. आता जाण्यासारखी नोकरी घरात उरली नाही.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी चोवीस वर्षांची, साखरखेर्ड्यात सून होऊन आलेली. माहेर मेहकरचं. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. घरात तिसरं माणूस म्हणजे माझे सासरे, मामंजी. फौजेतून आलेले. लढाईत त्यांनी बंदूक किती चालवली ते कधी सांगितलं नाही; मेसच्या कोठीवर होते एवढं सांगायचे. तिथल्या एका गोऱ्या साहेबाला बोटीनं येणारी बिअर मिळेनाशी झाली तेव्हा त्यानं ती कोठीतच करायला घेतली आणि मामंजी हाताखाली राहून शिकले. सातू नव्हता तर ज्वारी घेतली, कडवटपणाला लागणारी विलायती फुलं नव्हती तर काडेचिराईत घेतलं. फौज सुटली, ही एक विद्या सोबत आली.

ते दारुडे नव्हते हे आधीच सांगते. संध्याकाळी जेवणाआधी एक पितळी पेला, तोही घोट घोट घेत, भिंतीला पाठ लावून ताठ बसून. पण दारूबंदीचा कायदा पेले मोजत नाही. पलीकडच्या एका गावात तलाठ्याच्या परसात गाडलेलं मडकं सापडलं आणि आठ दिवसांत त्याच्या दारातली माणसांची वर्दळ थांबली, हे आम्ही पाहिलं होतं. मास्तरच्या घरात मडकं सापडलं असतं तर शाळेनं एक दिवस ठेवून घेतलं नसतं. हे एकदाच बोलले होते, जेवता जेवता, वडलांकडे न बघता: बाबांचा काढा एक दिवस माझी शाळा पिऊन टाकणार.

काढा. घरात हाच शब्द होता. काडेचिराइताची जुडी दुकानातून आणताना हाच शब्द, शेजारणीनं वास कसला विचारलं तर हाच शब्द. खोटा म्हणावा तर तेवढा खोटाही नव्हता.

आणि तो काढा करायची मी. मामंजी ओसरीवर बसून हुकूम द्यायचे, चुलीपुढे डोळे माझे जायचे. ज्वारी दोन दिवस भिजवायची, गोणपाटाखाली मोड आणायचे, माळवदावर वाळवायची, मग कोंब आणि मुळ्या चोळून काढायच्या. ते चोळलेलं मी चुलीत टाकायची, शेळीपुढे कधी नाही. ज्वारीच्या कोवळ्या कोंबांनी जनावराला किराळ लागते, विष चढून उभं जनावर आडवं होतं, हे इथं लहान पोराला ठाऊक असतं. मोडाची ज्वारी जात्यावर भरडताना मला ते दर वेळी आठवायचं. गोड वास यायचा, भाजक्या लाह्यांसारखा, आणि मनात किराळ यायची.

भरडा गरम पाण्यात कालवला की खरी कसोटी. तो तासभर एका आचेवर राहायला हवा. मामंजींचं माप बोटाचं: बोट बुडवायचं आणि मोजायचं. दोनला ओढावंसं वाटलं तर बरोबर. बुडताच चटका बसला तर जास्त झालं, पाचपर्यंत टिकलं तर गार झालं, मग आंबणार ते नीट आंबणार नाही, नुसतं आंबट होणार. आता तासभर एक आच, आणि चुलीत काय, तर पऱ्हाटी. कपाशीच्या वाळलेल्या काड्या कशा पेटतात ते इकडच्या बाईला सांगायला नको. भडका उडतो, घर उजळतं, आणि कोयरीतलं कुंकू बोटावर घ्यावं तोवर राख. तासभर मी काड्या सारत बसायची. धूर डोळ्यांत, धूर केसांत. वर धुराड्यातून निघणारा तो वेगळा, तासभर चालणारा धूर. एवढा वेळ कुणाची चूल भाकरीसाठी जळत नाही, हे कुणीही जाणत्यानं ओळखावं.

त्या हिवाळ्यात गल्लीत लाईन आली. खांब गल्लीच्या तोंडाशीच थांबला आणि तिथून तार दोनच घरांत गेली. आधी समोरच्या किसनरावांच्या, मग आमच्या. बाकीच्यांनी थांबून पाहायचं ठरवलं.

किसनराव भाजीवाले. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, थोडी ज्वारी. गावात विहिरीवर पहिली मोटार त्यांनी बसवली आणि मोटेचे बैल विकले तेव्हा लोक हसले होते. मोठा बोलका माणूस. सकाळी मळ्यात जाताना ओसरीवरच्या मामंजींना टोला मारल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे.

"काय हो फौजी, काढा पिऊन पिऊन किती वर्सं जगता? यमाले तरी सुट्टी द्या."

मामंजी मिशीत म्हणायचे, "तू मोटार चालव बे. तुले काय कळते काढ्यातलं."

त्यांची बायको गयाबाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. मूलबाळ नव्हतं. हातानं उदार, जिभेनं मोजकी. पहिला हुरडा शेतातून निघाला की आमच्याकडे यायचा, गरम, गोवरीच्या राखेचा वास असलेला, सोबत पानात जवसाची चटणी. तो हुरडा तळहातावर घेतला की थंडी बोटांतून निघून जायची. आजही त्या चवीत मला काही दुखत नाही. दुखतं ते नंतर, दिवा लागल्यावर.

दिव्याचा तिचा एक नेम होता. तसा तो सगळ्यांचाच असतो. तिन्हीसांजेला दिवा लावला की हात जोडायचे. पण लाईन आल्यावर बऱ्याच जणांनी बटणाला हात जोडायचं सोडलं. तिनं सोडलं नाही. बटण दाबायची, पदर डोक्यावरून घ्यायची, आणि बल्बकडे बघत हात जोडून उभी राहायची, समईपुढे राहावं तशी, ओठ हलत असेतोवर. दिवा बंद कर असं तिच्या घरात कुणी म्हणायचं नाही. दिव्याला निरोप दे म्हणायचं. काचेतल्या तारेलाही तोच मान. आमच्या दारातून तिचं दार सरळ दिसायचं. संध्याकाळी भाकरी थापताना मान वर केली की ती तशी उभी.

त्याच सुमाराला जालन्याहून मामंजींचा फौजेतला दोस्त आला आणि येताना रॉड घेऊन आला. पाणी तापवायचा. लोखंडी नळीचं वेटोळं, वर काळी मूठ, जाड वायर. मामंजींनी तो पेटीतून काढून माझ्यापुढे ठेवला आणि सरळ विचारलं की चूल तू सांभाळतेस, तेव्हा लाईनवर काढा करणं परवडतं की नाही ते तूच सांग. फैसला तुझा.

असं मला त्या घरात कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. मी नीट विचार करून सांगायचं ठरवलं आणि दोन वेळा करून पाहिलं. पहिल्या वेळी रॉड सरळ हंड्यातच टाकला. भरडा नळीला चिकटून करपला आणि मामंजींनी तो पेला मुकाट्यानं प्यायला, जळक्या पिठल्यासारखा. दुसऱ्या वेळी मी डोकं चालवलं. आंघोळीचं मोठं घंगाळ घेतलं, त्यात साधं पाणी, पाण्यात रॉड, आणि त्याच पाण्यात भरड्याचा हंडा बुडवून ठेवला. पाणी तापेल तसा हंडा तापेल, करपायचं कारण नाही. बोट घालण्याआधी मात्र बटण वर करून बंद करायचं, हात कोरडे, पाय लाकडी पाटावर. बोटानं दोन मोजले. घटकाभरानं पुन्हा दोन. पुन्हा दोन. धूर नाही, काड्या नाहीत, डोळ्यांना पाणी नाही. वायर थोडी कोमट लागत होती आणि रबराचा वास येत होता, तेवढंच. मी मामंजींना सांगितलं, परवडतं. धुराड्यातून काही दिसत नाही, यातच सगळं आलं.

बघायचं राहिलं ते दुसरीकडेच होतं. रॉड लावला की आमचा बल्ब लाल व्हायचा. मी हसलेही होते पहिल्यांदा. रॉड दिव्याच्या ताटातलं जेवतो म्हणाले होते मामंजींना. दोन घरांना मिळून एकच तार आहे आणि समोरच्या ताटातलंही जात असणार, हे डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. रॉड लावायची वेळ आम्ही विचार करून ठरवली होती: दिवेलागण. शिकवणीची मुलं गेलेली असतात, घराघरात ज्वारीच्या कण्या शिजत असतात, त्या वासात आमचा वास मिसळून जातो. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी.

म्हणजे गयाबाई हात जोडून उभी असायची, नेमकं तेव्हा.

किसनराव आजारी पडले ते त्याच महिन्यात. आधी पायांवर सूज आली, मग मळ्यातून येताना दम लागायला लागला. वैदूची पुडी झाली, अंगारा झाला. माणूस ओसरीवर उशीला टेकून बसायला लागला. आता मामंजी त्यांना टोले द्यायचे, आणि ते हात हलवून, पुरे, म्हणायचे. मेहकरच्या डॉक्टरनं छातीला नळी लावून सांगितलं की हे इथलं काम नाही, अकोल्याला मोठ्या दवाखान्यात न्या, दिवस घालवू नका. किसनराव म्हणाले, मिरची तोडून झाली की जाऊ. गयाबाईनं आग्रह धरला नाही. एवढ्या लांब, बसनं, दोघंच. तिनं मेहकरच्या पलीकडचं गाव पाहिलं नव्हतं.

एकदा तिनं मला विचारलं, फौजींचा काढा थोडा द्याल का, त्यांना ताकद येईल. मी म्हटलं, तो गरम पडतो, सूज वाढेल. उत्तर बरोबरच होतं. पण ती मान हलवून परत गेली ती रिकाम्या हातानं.

मग तो बुधवार. रॉड लावून मी दळणाचं सूप घेऊन ओट्यावर बसले होते. गयाबाई गल्ली ओलांडून आली. पदर डोक्यावरच होता, दिव्यापुढून तशीच आली होती. तिनं आत डोकावलं नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली. आमच्या दारावर पडदा होता. ती हळू बोलली, घरच्या माणसाला ऐकू जाऊ नये असं.

"मास्तरीणबाई, तुमच्या घरचा दिवा बसते का हो?"

आवाज बसतो, भिंत बसते, धंदा बसतो. दिवा बसतो हे मी तिच्याकडून पहिल्यांदा ऐकलं, आणि काही न समजावता समजलं. पडद्यामागे आमचा बल्ब केसाएवढा लाल होता. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: दोन्ही घरचा एकाच वेळी कसा? वायरमनला बोलावू या का? वायरमन आला असता, तार धरत धरत घंगाळापर्यंत आला असता. हे सगळं माझ्या मनात किती भरभर झालं हे आठवलं की स्वतःच्या चपळाईचा राग येतो.

मी म्हटलं, "नाही बाई. आमचा नाही बसत."

"मंग माह्याच घरचा बसते," ती म्हणाली. रागानं नाही, रडून नाही. हिशोब लागल्यासारखं. मग सांगितलं की काही संध्याकाळी बसतो, काही संध्याकाळी उभा राहतो, आणि ज्या दिवशी बसतो त्या रात्री त्यांना दम जास्त लागतो. मी नंतर पुष्कळ विचार केला. दम रोजच लागत असणार. दिवा बसलेल्या रात्री ती उशाशी जागी बसून मोजत असणार. मोजलं की जास्तच भरतं.

दुसऱ्या दिवशी कळलं की तिनं अकोल्याला जायचं ठरवलं. सोमवारी सकाळची बस, मोटार स्टँडपर्यंत दिराची बैलगाडी. किसनरावांचं मिरचीचं बोलणं तिनं ऐकून घेतलं नाही. सगळी गल्ली नवल करत होती की या मुकाट बाईनं एवढं धाडस कुठून आणलं. मला ठाऊक होतं कुठून. माझ्या रॉडमधून.

इथवर थांबते, कारण इथवर गोष्ट वाईट नाही. एका खोट्यानं एक भित्री बाई दवाखान्याच्या वाटेला लागली. सगळं इथंच राहिलं असतं तर मी आज हा लेख लिहिला नसता, लिहिलाच तर हुरड्यावर लिहिला असता.

पण मला तिचं ते वाक्य खुपत होतं. माह्याच घरचा बसते. आपल्या नवऱ्याचा दिवा आपल्या डोळ्यांदेखत बसतो असं मनात घेऊन एक बाई रोज हात जोडून उभी राहते, आणि समोर मी काढा तापवते. मी मामंजींना सांगितलं की रॉड आजपासून पेटीत. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. मिशीवर हात फिरवून ते, ठीक, एवढंच म्हणाले. शनिवारी चुलीवरही काही केलं नाही. मला वाटलं, झालं. आपण एक चूक सुधारली.

शनिवारी तिचा दिवा उभा राहिला. रविवारीही.

रविवारी दिवेलागणीनंतर ती टोपली घेऊन आली. कोवळी हिरवी वांगी, वर सांभाराची जुडी, दंवानं ओली. कित्येक दिवसांत तिच्या तोंडावर तसा उजेड पाहिला नव्हता. म्हणाली की हा शनिवार होता ना, शनिवारी हमखास बसायचा, तर काल बसला नाही, आज बसला नाही, आणि यांनीही काल अर्धी भाकरी मागून खाल्ली. उद्याचं जाणं मोडलं. दिराला निरोप दिला.

माझ्या हातात पळी होती. मी म्हटलं, तरी एकदा नेऊन आणा, डॉक्टरनं सांगितलंय तर. जेवढं जोर लावून म्हणता येईल तेवढं म्हटलं, म्हणजे फारसं नाही.

"दिवा उभा असतानी काऊन नेऊ बाई? चांगल्या माणसाले दवाखान्यात नेलं का बिमारीले बोलावणं होते."

ती गेली. मी आत आले, पेटी उघडली आणि रॉड बाहेर काढला.

हे मी परवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या घरात दिवा लागलेला होता, ती आत-बाहेर करत होती. मला काही बोलायची गरज नव्हती. कबुली नको, वायरमन नको, कुणाची शाळा जायला नको. घंगाळात साधं पाणी भरायचं आणि रॉड टाकायचा. हंडा नाही, भरडा नाही, काढा नाही. साधं पाणी तापवायला कायद्याची बंदी नव्हती. तिचा दिवा पुन्हा बसला असता आणि सकाळी गाडी जुंपली असती. मी घंगाळ ओढलंसुद्धा. दोन कळशा पाणी ओतलं. आणि मग हे घरी आले, सायकल भिंतीला लावता लावता सांगत की उद्या शाळेला तपासणी आहे, साहेब गावातच मुक्कामाला आलेत, समोरच्या आळीत जेवायला आहेत. मी रॉड हातात धरून उभी होते. यांनी रॉडकडे पाहिलं, मग माझ्याकडे. साहेब गावात असताना मास्तरच्या घरात हे वेटोळं कुणाच्या नजरेला पडायला नको होतं. मी रॉड पुसला आणि पेटीत ठेवला. पेटीचं झाकण लावताना मान वर केली तर ओसरीवरून मामंजी बघत होते. त्या घंगाळातल्या थंडगार पाण्यानं मी सकाळी पाय धुतले.

तपासणी छान झाली. शेऱ्यात यांच्या वर्गाचं कौतुक होतं.

किसनराव शुक्रवारी गेले. सकाळी ऊन ओसरीवर आलं होतं, गयाबाईनं उशी सरळ करून दिली आणि ती आत चहा करायला गेली तेवढ्यात. मळ्यात मोटार चालूच राहिली होती. कुणी बंद करायला गेलं नाही, दुपारपर्यंत पाणी वाफे भरून वाटेवर वाहत आलं. लोक खांदा देऊन परतले तेव्हा त्यांचे पाय चिखलानं भरले होते. मामंजी सगळ्यात मागे होते. त्यांनी आल्यावर पाय धुतले आणि ते पेल्याशिवाय जेवले.

पुढे काढा झाला नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि मी ज्वारी भिजवली नाही. रॉड वर्षभरानं त्यांनी जालन्याच्या दोस्ताला परत केला. त्यानं विचारलं, चालला नाही का? मामंजी म्हणाले, चालला, पण सूनबाई म्हणते परवडत नाही. मी असं म्हटलं नव्हतं. मला पुन्हा कुणी विचारलंच नव्हतं. पण त्यांनी बरोबर सांगितलं.

यांच्या बदल्या होत गेल्या, दुसरबीड, मग मेहकर तालुक्यातली चार गावं. बदल्यांची बाकीच्या बायकांना कटकट वाटायची. मला ती पळवाट होती. सुट्टीत घरी आले की गयाबाई यायची, मी काहीतरी कामात असायची. हुरडा मात्र दर वर्षी आला. आम्ही ज्या गावी असू तिथे, कुणाच्या तरी हाती, फडक्यात बांधून. गार झालेला हुरडा पुन्हा गरम केला तरी चामट लागतो. मी खायची.

यंदा कायमचे परत आलो. आता गल्लीत बावीस घरांत वीज आहे, तारा एकमेकींत गुंतल्यात. परवा हुरडा आला, या वेळी गरम. रिकामी टोपली परत करायला मी स्वतः गेले. दिवेलागण व्हायची होती. गयाबाई आता वाकली आहे, पण बटणाशी गेली, पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडून उभी राहिली. मी तिच्या मागे, टोपली धरून. इतकी वर्षं हे मी समोरच्या दारातून पाहिलं होतं, जवळून पहिल्यांदाच. बल्ब लागला, आणि मळ्यामळ्यातल्या मोटारींनी त्याला खाली ओढला. पिवळा, तांबडा, लाल केस.

ती हसली. "आता तं साऱ्याईचाच बसते," म्हणाली. "तवा माह्या एकटीचाच बसे."

मी जाताना काही ठरवून गेले नव्हते. टोपली खाली ठेवली.

"नाही गयाबाई. आमचाही बसे."

मग बाकीचं सांगितलं. काढा काय होता, रॉड काय होता, बुधवार-शनिवार का. फार वेळ लागला नाही; एवढी वर्षं जपलेली गोष्ट सांगायला एवढासाच वेळ लागतो याचं मला वाईट वाटलं. रविवारी पेटी उघडून पुन्हा लावली तेही सांगितलं. संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"आन् दिवा उभा राह्यला, ते दोन रोज?"

"तेव्हा रॉड पेटीत होता."

ती भिंतीला धरून खाली बसली. हात अजून जोडलेलेच होते, विसरल्यासारखे; ते तिनं सोडवले आणि मांडीवर ठेवले. बाहेर कुणीतरी शेळ्या हाकत गेलं. मला वाटलं, आता ही मला काहीतरी बोलेल आणि ते बोलणं मी ऐकून घेईन, तेवढ्यासाठी मी थांबले. ती बल्बकडे बघत होती. हात न जोडता तिला दिव्याकडे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"जाता जाता दिवा बंद करजा," ती म्हणाली.

मी बंद केला.